तीन शिट्ट्यांची अमेरिका

मीनल टेंभेकर अमेरिकेला कधी गेली नाही. तिचा नवराही गेला नाही. तरीसुद्धा सिंगापुरात टॅम्पिनीसच्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची अशी काही खरडपट्टी निघायची, की समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी आजी कपडे वाळत घालता घालता बांबू हातात धरून दोन मिनिटं थांबायच्या. त्यांना एक अक्षर कळत नसे. पण कुणालातरी सणसणीत रागावलं जातंय एवढं कळे, आणि त्या खुशीत मान हलवून पुढचा शर्ट बांबूवर ओवायच्या.

हे अमेरिकेचं खूळ आलं कुठून? त्याला कारण आहे. २०१२ साली मीनलचा नवरा निशिकांत आणि त्याचे चार-पाच मित्र नुसत्या गप्पा मारायला जमू लागले, तेव्हा विषय भारताचा असायचा. दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि त्यांच्या बायकांचे लोणच्याचे डबे एकमेकींच्या घरी अडकून पडले. मग भारत बंद झाला. सिंगापूरवर बोलायची सोयच नव्हती, कारण तो विषय निघाला की प्रत्येकाला आपला इथे राहायचा, नोकरीचा पास आठवे, आवाज आपोआप खाली येई, आणि मंडळी ‘इथली बस मात्र वेळेवर येते हं’ असं म्हणून चिवड्याकडे वळत. उरली अमेरिका. ती लांब होती, मोठी होती, आणि तिला कितीही नावं ठेवली तरी कुणाचा पास अडत नव्हता. झालं, ‘अमेरिका मंडळ’ असं नावही पडलं आणि माणसं मोकळी सुटली. आठवडाभर ऑफिसात साहेबांपुढे ‘येस, नोटेड’ म्हणणारे हे लोक रविवारी अमेरिकेच्या सिनेटला उभं आडवं घेत.

निशिकांतचा प्रांत युद्धांचा. दिवसा तो एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा आणि रविवारी शस्त्रास्त्रांचे कारखानदार अमेरिकेचं परराष्ट्र धोरण कसं ठरवतात हे टेबलावर मुठी आपटून सांगायचा. दिलीप बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि बँकांविरुद्ध बोलताना त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगायच्या. तिसरा प्रकाश. हा सॉफ्टवेअरच्या चुका शोधायच्या नोकरीत होता, बायको नागपूरला कॉलेजात शिकवत होती म्हणून क्लेमेंटीला एक खोली घेऊन एकटा राहायचा. क्लेमेंटीहून टॅम्पिनीस म्हणजे एमआरटीच्या लोकलने पाऊण तासाच्या वर. पण प्रकाशने चार वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. लिटिल इंडियातून आदल्या दिवशी आणलेल्या चकल्यांचं पाकीट पुढे करून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा आणि आपली पाळी येईपर्यंत तोंड उघडायचा नाही.

आता पाळीची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्याच वर्षी दिलीपने अमेरिकन इस्पितळांची बिलं हा विषय घेतला आणि पन्नास मिनिटं गुऱ्हाळ लावलं. वरण गार झालं, मुलं रडकुंडीला आली. तेव्हा निशिकांतने मंडळात ठराव मांडला: प्रत्येक वक्त्यामागे स्वयंपाकघरात एक कुकर चढेल. तीन शिट्ट्या झाल्या की वक्त्याने वाक्य जिथे असेल तिथे सोडून खाली बसायचं. वाद नाही, विनंती नाही. पहिल्या वक्त्याला वरणाचा कुकर, दुसऱ्याला बटाट्याचा, तिसऱ्याला भाताचा. भाषणंही होतील आणि स्वयंपाकही होईल. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. घड्याळ माणूस पुढेमागे करू शकतो, पण कुकरला पक्ष नसतो, असं निशिकांत म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मीनलनेही डोलावली. तिला तेव्हा कल्पना नव्हती की हे सगळे मिळून तिच्या हातात काय देताहेत.

कळलं तिसऱ्या महिन्यात. दिलीप लॉबीवाल्यांवर बोलत होता, मीनलला कडकडून भूक लागली होती, तिने सहज गॅस मोठा केला. पाठोपाठ शिट्ट्या झाल्या आणि दिलीप ‘म्हणूनच माझं असं ठाम मत आहे की—’ इथे मटकन खाली बसला. मीनलच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तिने गॅसच्या बटणाकडे पाहिलं, मग हॉलकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात एक पाहुणा वक्ता आला होता. अमेरिकेत किती माणसं तुरुंगात आहेत आणि त्यांच्या पोरांचं काय होतं, हे तो इतकं कळवळून सांगत होता की मीनलने ज्योत पार बारीक केली. त्याला अठरा मिनिटं मिळाली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट जेवताना दिलीप म्हणाला, ‘आज बटाटे जरा जून होते वाटतं.’

तिथून पुढे मीनल त्या कामात तरबेज झाली. लवकर उरकायचं असेल तर आधीच उकळतं पाणी, कमी डाळ, मोठी ज्योत. चांगलं चाललं असेल तर भांडी काठोकाठ, पाणी फ्रिजमधलं आणि ज्योत वातीएवढी. दिलीप आकडे फेकू लागला की मोठी. निशिकांतचं भाषण तर ती गेल्या चार दिवसांत अंघोळीच्या वेळी, भाजी आणताना आणि झोपेत मिळून तीनदा ऐकून चुकलेली असायची, त्यामुळे त्याला सहा मिनिटांच्या वर कधी मिळालं नाही. वॉशिंग्टनमध्ये जे जमावं म्हणून माणसं हयात घालवतात, ते टॅम्पिनीसच्या नवव्या मजल्यावर ही बाई पदराला, म्हणजे कुर्त्याच्या टोकाला हात पुसत करत होती.

आणि सगळ्यात वाईट दशा प्रकाशची. तो उभा राहायचा, चष्मा काढून पुसायचा, पुन्हा घालायचा आणि म्हणायचा, ‘सतराशे सत्याऐंशी साली फिलाडेल्फियात उन्हाळा फार होता.’ दर वेळी! विषय पोलिसांचा असो, शाळांचा असो नाहीतर टीव्हीचा, सुरुवात फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यापासून. मग सावकाश, एकेक पायरी खाली उतरल्यासारखा तो शतकं उतरू लागायचा. मीनलचा हात नकळत बटणाकडे जायचा. चार मिनिटांत तिसरी शिटी. प्रकाश गृहयुद्धापर्यंतही पोचलेला नसायचा. तो हसायचा, ‘ठीक आहे, पुढच्या वेळी’ म्हणायचा आणि ताटं मांडायला उठायचा.

या उद्योगाची साक्षीदार एकच, मीनलची पंधरा वर्षांची लेक अवनी. तिने एकदा बटण फिरवताना आईला पकडलं आणि शाळेत उचललेल्या सिंगापुरी ‘लाह’सकट ओरडली. ‘आई, दॅट्स चीटिंग लाह!’

‘अगं, भात करपेल म्हणून,’ मीनल म्हणाली. भात नुकताच चढला होता.

मीनलला साधी गृहिणी समजू नका. पुण्यात आठ वर्षं ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होती, तेही अशा वर्गांना, जिथे पोरं तो विषय झोपायचा तास म्हणून ओळखत. तिच्या तासाला कुणी झोपत नसे. ती वर्गात निवडणूक घ्यायची, मतपेटी म्हणून फरसाणाचा डबा ठेवायची. २००६ साली नवऱ्याच्या मागे ती सिंगापूरला आली, तिच्या पासवर नोकरी जमेना, आणि मग सकाळी पोळ्या लाटताना तिने अमेरिकेतलं एक छोटं रेडिओ केंद्र ऐकायला सुरुवात केली. ते केंद्र कुठल्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं. संपावर गेलेल्या नर्सेस, घरातून काढलेले भाडेकरू, पोलिसांच्या गोळीने गेलेल्या मुलांच्या आया, असे लोक तिथे स्वतःच्या तोंडाने बोलायचे. मोठ्या वाहिन्यांवर मात्र तेच आठ-दहा लोक, तेच टाय. मीनलला राग यायचा. तिने एक वही केली आणि अवनीचं स्टॉपवॉच घेऊन ती बातम्या मोजू लागली: कुणाला किती मिनिटं, कुणाला किती सेकंद, कुणाचं वाक्य मध्येच तोडलं.

२०१६ उजाडेपर्यंत पाच वह्या भरल्या. बोलण्यासारखं तिच्याकडे जेवढं होतं तेवढं हॉलमधल्या सगळ्यांकडे मिळून नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं. आपल्यालाही एकदा तिथे उभं राहून दहा मिनिटं, कुणीही न तोडता, पूर्ण बोलायला मिळावं, ही इच्छा तिच्या मनात इतकी वाढली होती की भांडी घासताना ती नळाला भाषण द्यायची. ‘मित्रहो,’ असं ती नळाला म्हणायची.

कुणाचं वाक्य कोण तोडतं हे पाच वह्यांत लिहिणाऱ्या बाईला आपल्या गॅसच्या बटणाची आठवण यायला हवी होती, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं. माणसाचं असंच असतं, दुसऱ्याच्या गॅसकडे बरोबर लक्ष जातं.

जुलैत तिने निशिकांतला सांगितलं, ‘मलाही बोलायचंय मंडळात.’

‘बोल की. कोण नाही म्हणतंय?’ निशिकांत मनापासून म्हणाला. मग जरा थांबून, ‘पण मग कुकर?’

आणि विषय तिथेच राहिला. मंडळाच्या कुठल्याही नियमात बायकांनी बोलू नये असं लिहिलेलं नव्हतं. कुकर तेवढा चढलेला असायचा.

मग नोव्हेंबर आला. अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल सिंगापुरात बुधवारी सकाळी कळू लागतो, ही एक मोठीच सोय आहे, कारण माणूस ऑफिसात बसून, साहेबाच्या नाकासमोर, एक्सेलच्या खिडकीमागे लोकशाही पाहू शकतो. ऑक्टोबरच्या सभेत सगळ्या पुरुषांनी आपापले अंदाज कागदावर सह्या करून दिले होते. ज्या बाई निवडून येणार असं सगळ्या वाहिन्या म्हणत होत्या, त्याच येणार असं प्रत्येकाने लिहिलं होतं. निशिकांतने तर किती फरकाने हेही लिहिलं होतं आणि खाली दोनदा अधोरेखित केलं होतं. एकट्या प्रकाशने कोरा कागद दिला. ‘मला अजून नीट कळलं नाही,’ असं तो म्हणाला, तेव्हा सगळे हसले.

नऊ तारखेला सकाळी आठपासून मंडळाच्या व्हॉट्सॲपवर धबधबा लागला. ‘झालंच आता!’ ‘पेढे आणा!’ अकराच्या सुमारास धबधब्याची धार झाली. साडेबाराला थेंब. एकला सगळं शांत. तीन वाजता दिलीपने गुलाबाचं चित्र टाकलं, त्याखाली ‘शुभ दुपार’. बस्स. मीनल सोफ्यावर पाय घेऊन वही मांडीवर ठेवून बसली होती, तिला त्या गुलाबाचं इतकं हसू आलं की पेन खाली पडलं. निकालाने तिलाही धक्का बसला होता. पण चार वर्षं ज्यांना सगळं माहीत होतं त्यांना काहीच माहीत नव्हतं हे बघून तिला जो आनंद झाला, तो लपवणं तिला जड गेलं.

निशिकांत संध्याकाळी घरी आला आणि न बोलता जेवला. त्याच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, हे प्रथमच घडत होतं. गुरुवारी दिलीपचा घसा बसला. बाकीच्यांना भाषण तयार करायला अचानक वेळ उरला नाही. येऊ, पण बोलणार नाही म्हणाले. प्रकाशला कुणी विचारलंच नाही, आणि मंडळाला वक्ता उरला नाही.

‘मी बोलते,’ मीनल म्हणाली.

या वेळी तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ग्रुपवर विषयही टाकून दिला: ‘कोण बोलणार, हे ठरवतं कोण?’ दिलीपची बायको सुरेखा हिने लगेच सात टाळ्या पाठवल्या. आणि मग निशिकांतचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कुकर? निशिकांत म्हणाला, मला शिट्ट्या मोजता येत नाहीत. सर्व्हर सांभाळणारा माणूस! सुरेखाला विचारलं, तर ती म्हणाली, ‘मीनल, तू बाहेर बोलणार आणि मी आत? छे! मी पहिल्या रांगेत बसणार.’ कुकर रद्द करावा अशी सूचना कुणीतरी केली, पण दिलीपने बसलेल्या घशातून लिहिलं की नियम तो नियम.

तेवढ्यात प्रकाशचा मेसेज आला. ‘वहिनी, काळजी करू नका. कुकर मी बघतो.’

मीनलच्या हातातून फोन निसटायचाच राहिला. प्रकाश! चार वर्षं, दर महिन्याला, ज्याला तिने उकळत्या पाण्यावर घेतलं होतं तो प्रकाश! आणि त्याला हे कळत नव्हतं कशावरून? चुका शोधायचीच त्याची नोकरी. गेली चार वर्षं कोपऱ्यात बसून तो शिट्ट्यांमधली मिनिटं मोजत असेल तर? शुक्रवार-शनिवार तिला अन्न गोड लागलं नाही. भाषण तिने कापून नऊ मिनिटांचं केलं, मग सहाचं, मग रविवारी सकाळी चारचं. अवनीने तिला आरशासमोर भाषण घोकताना पाहिलं. ‘आई, व्हाय सो फास्ट? नोबडी चेसिंग यू, लाह.’

‘तुला काय माहीत,’ मीनल म्हणाली.

रविवारी अकरा वाजता हॉल भरला. प्रकाश आला, चकल्यांचं पाकीट दिलं, शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या आणि स्वयंपाकघरात शिरला. काडीचा नाही, लायटरचा टक असा आवाज मीनलने कान देऊन ऐकला. ती उभी राहिली. तिने चार मिनिटांचा कागद उलगडला.

‘मित्रहो,’ ती म्हणाली, आणि जी सुटली ती टॅक्सीचं मीटर पडल्यासारखी. एका वाहिनीच्या तासाभरातल्या बातम्यांत नर्सेसच्या संपाला एकोणीस सेकंद. एका उमेदवाराच्या रिकाम्या व्यासपीठावर कॅमेरा लावून ठेवलेला, तो यायची वाट बघत, आणि त्याच वेळी दुसरा माणूस खरोखर भाषण देत असताना तिकडे कॅमेराच नाही. मतदान मंगळवारी, कामाच्या दिवशी, सुट्टी नाही, मग हातावर पोट असलेल्याने मत द्यायला जायचं कसं हा प्रश्न चर्चेला बसलेल्या आठजणांपैकी एकालाही पडला नाही, कारण त्यातल्या एकाचंही पोट हातावर नव्हतं. चार मिनिटं झाली. शिटी नाही. भाषण संपलं! मीनलने कागदाकडे बघितलं, कागदावरचं सगळं संपलं होतं. मग तिने कागद टाकला आणि तोंडाने, वह्यांतून पाठ झालेलं, बोलू लागली.

सहा मिनिटं झाली. आठ. दिलीप पुढे सरकून बसला होता, सुरेखाने हातातलं विणकाम खाली ठेवलं होतं. निशिकांतचं तोंड किंचित उघडं होतं. मीनलला वाटलं आपले पाय जमिनीपासून चार बोटं वर आहेत. दहा मिनिटं. बारा. ती हसवत होती, मध्येच रागावत होती, फरसाणाच्या डब्यातल्या मतपेटीची गोष्ट सांगत होती, आणि शिटी होत नव्हती. वीस मिनिटं झाली, तेव्हा मात्र तिच्यातली स्वयंपाक करणारी बाई जागी झाली. वीस मिनिटं आणि एकही शिटी नाही? ‘एक मिनिट हं,’ म्हणून ती आत गेली.

प्रकाश ओट्यापाशी वाकून उभा होता, नाक जवळजवळ गॅसला टेकलेलं. ज्योत इतकी बारीक होती की निळा ठिपकाच दिसत होता, आणि ती वाऱ्याने विझू नये म्हणून त्याने एका बाजूने ताट आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचा हात धरला होता.

‘वहिनी, तुम्ही का आलात? बोला, बोला,’ तो कुजबुजला. ‘छान चाललंय. बारीक केलं की वाजत नाही, हे मला आजच कळलं. माझ्या वेळी नेहमी पटकन वाजायचा. मला वाटायचं माझं नशीबच तसं आहे.’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मीनलला बरं वाटलं असतं. तिचे कान तापले. ज्या बाईने आता वीस मिनिटं छाती पुढे काढून न्यायाची भाषा केली होती, तिला त्या ओट्याखाली कपाटात शिरून बसावंसं वाटलं. तिने गॅस बंद केला आणि प्रकाशचा हात धरून त्याला बाहेर आणलं.

‘मला अजून एक सांगायचंय,’ ती हॉलला म्हणाली. ‘इथे कोण किती बोलणार हे चार वर्षं मी ठरवत होते.’ आणि तिने सगळं सांगून टाकलं. मोठी ज्योत, बारीक ज्योत, उकळतं पाणी, फ्रिजमधलं पाणी. काही लपवलं नाही.

क्षणभर कुणाला कळेना की हसावं की चिडावं. मग एकच गलका झाला. ‘म्हणजे माझं लॉबीवाल्यांचं भाषण!’ दिलीपचा बसलेला घसा खणखणीत उघडला. सुरेखा हसून हसून सतरंजीवर आडवी झाली होती.

‘आणि माझी भाषणं?’ निशिकांतने दुखावल्या आवाजात विचारलं.

‘तुला सहा मिनिटं.’

‘सहा? रोज मी तुला एवढं समजावून सांगायचो!’

‘म्हणूनच,’ मीनल म्हणाली, आणि या वेळी निशिकांतलाही हसू आवरलं नाही. अवनी दारात उभी राहून ‘आय टोल्ड हर, आय टोल्ड हर’ म्हणत नाचत होती.

हसणं ओसरल्यावर मीनलने आपली खुर्ची प्रकाशपुढे सरकवली. ‘प्रकाश भाऊजी, आज तुम्ही बोलायचं. कुकर नाही.’

प्रकाश गोंधळला. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. ‘सतराशे सत्याऐंशी साली,’ तो म्हणाला, ‘फिलाडेल्फियात उन्हाळा फार होता.’

हॉलमधून एक बारीकसा उसासा गेला, पण कुणी हललं नाही. प्रकाश उतरत राहिला. त्या उन्हाळ्यात तिथे देशाची घटना लिहिणाऱ्यांनी मताचा हक्क कुणाला द्यायचा हे राज्यांवर सोडलं, आणि बहुतेक राज्यांनी तो मोजक्यांनाच दिला. गुलामांना नाही, बायकांना नाही. मग गृहयुद्ध, मग कागदावर मिळालेला हक्क आणि तो न वापरू देण्याच्या शंभर युक्त्या. ऐकता ऐकता मीनलला जाणवलं की हे गुऱ्हाळ नाही, हा माणूस पाया घालतोय. तासाला बाई म्हणून उभी असताना तीही असंच करायची.

‘...आणि म्हणून मी जेव्हा तिथे रांगेत उभा होतो तेव्हा—’

‘तिथे म्हणजे कुठे?’ निशिकांतने विचारलं.

‘ओहायोत. सहा वर्षं होतो ना मी.’

दिलीपने तोंडाकडे नेलेली चकली परत पाकिटात ठेवली.

‘२००४ ची निवडणूक,’ प्रकाश सांगत राहिला. ‘माझी वस्ती बहुतेक काळ्या लोकांची. शेजारी रूबी म्हणून बाई होत्या, शाळेची बस चालवायच्या. सकाळची फेरी करून त्या साडेनऊला मतदानाच्या रांगेत लागल्या. दीड वाजला तरी दारही दिसेना. यंत्रंच दोन होती. दुपारच्या फेरीला गेल्या नसत्या तर नोकरी गेली असती. माझी सुट्टी होती. म्हटलं, मी उभा राहतो तुमच्या जागी. त्यांनी मला घडीची खुर्ची दिली आणि पळाल्या. साडेतीन तास मी त्या रांगेत होतो. थंडी अशी, की खुर्चीवर बसवेना. मागचे लोक विचारत, तुझं मत कुणाला? मी म्हणायचो, मला मत नाही. सगळे हसायचे. पाच वाजता रूबी बस सोडून धावत आल्या, लोकांनी वाट करून दिली आणि त्यांनी मत दिलं.’ तो थांबला. ‘दुसऱ्या दिवशी आमचा साहेब म्हणाला, तो राहायचा त्या भागात कॉफी गार व्हायच्या आत त्याचं मतदान उरकलं होतं. गाव एकच.’

‘मग? निवडून आला का त्या बाईंचा माणूस?’ दिलीपने विचारलं.

‘नाही. पण त्या माझ्यासाठी मक्याचा पाव घेऊन आल्या.’

 त्या खोलीत बसलेल्यांपैकी गेल्या दहा-बारा वर्षांत एकानेही कुठेच मत दिलं नव्हतं, भारतात जमलं नाही म्हणून आणि इथे हक्क नाही म्हणून, आणि ते सगळ्यांना एकदमच आठवलं असावं. दिलीपने खाली बघितलं.

‘अरे प्रकाश,’ शेवटी निशिकांत म्हणाला, ‘चार वर्षं आम्ही इथे अमेरिकेवर तारे तोडतोय. तू तिथे राहून आलायस, हे एकदा तरी बोलायचंस!’

‘दर महिन्याला बोलायला उठत होतो की,’ प्रकाश म्हणाला. ‘इथपर्यंत कधी पोचलो नाही.’

 मीनलला रडायला आलं आणि त्याच वेळी, त्या फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्याच्या आठवणीने, वेड्यासारखं हसायलाही आलं, आणि दोन्ही एकदम सांभाळता येईना. ‘माफ करा हो,’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘अजून किती राहिलंय तुमचं सांगायचं?’

प्रकाशने प्रामाणिकपणे बोटांवर हिशेब केला.

‘चार वर्षांचं आहे, वहिनी,’ तो म्हणाला, आणि मीनलने त्याच्या समोर सतरंजीवर बसकण मारली.